लेकीच्या पेशीसाठी नागपूरला

प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या बायका स्वित्झर्लंडला जातात, बर्फात पैठणी नेसून फोटो काढतात आणि तिकडे चहा कसा मिळमिळीत असतो ते लिहितात. मी कळमेश्वरहून नागपूरला गेले. एसटीनं. खिडकीला डोकं टेकून डुलकी घ्यायला जावं तर ती पुरी व्हायच्या आत नागपूर येतं, एवढाच तो प्रवास. तरी लिहायला बसले आहे. नागपूर तुम्ही पाहिलं असेल, पण नागपुरात मी जिथे जाऊन आले तिथे तुम्ही गेलेले नसणार. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. चपला मात्र बाहेर काढाव्या लागतात आणि हातातला खाऊचा डबा पहारेकऱ्याजवळ ठेवावा लागतो. दुसरी अट मला जास्त जड गेली.

कळमेश्वर ते नागपूर

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. आंबिया बहाराची संत्री नुकती उतरायला लागली होती. मी सांबारवड्या तळत होते, तेवढ्यात माझ्या नातीचा, मुक्ताचा, फोन आला. मुक्ता म्हणजे माझ्या लेकीची, सुनंदाची, मुलगी. मायलेकी नागपूरला राहतात. जावई चंद्रपूरला नोकरीत, म्हणजे शनिवार-रविवारचे पाहुणे. मुक्ता कसल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर काहीतरी करते, एवढं मला ठाऊक होतं. ते ‘काहीतरी’ काय, हे तिनं मला तीनदा समजावलं होतं आणि मी तिन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली होती.

“आजी, या रविवारी कळमेश्वरले येणं नाही जमत,” ती म्हणाली. “पेशी आहेत.”

आता आमच्या विदर्भात पेशी म्हणजे एकच. कोर्टाची तारीख. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. विज्ञानाचा तास दुसऱ्या बाई घेत आणि मी त्या वेळी शिक्षकखोलीत चहा घेत असे. शरीरातसुद्धा पेशी असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कानाला आधी कोर्टच ऐकू येतं.

“कोनाच्या पेशी?” मी विचारलं.

“आईच्याच समज.”

“अवं पण झालं काय?”

“काल कापलं. आता किती जगतात ते पाहून राहिलो आम्ही. मॅडम पण इथंच बसून आहेत. ठेवते आजी, हात गुंतले आहेत माझे.”

फोन बंद. कढईतली वडी करपली. माझी लेक, जी झुरळ दिसलं तर पलंगावर चढते, तिनं कुणाला तरी कापलं होतं, आणि बाहेर कुणी मॅडम, बहुधा वकिलीणबाई, बसून होत्या. मी गॅस बंद केला, बाकीच्या वड्या डब्यात भरल्या आणि निघाले. कोर्टात दिवसभर उपाशी बसावं लागतं हे मला अनुभवानं माहीत आहे.

तो अनुभव सांगितलाच पाहिजे. माझं लग्न झालं तेव्हा सासरच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नागपूरच्या कोर्टात दावा चालू होता. पेशीला हे मला बरोबर न्यायचे. मी तेव्हा विशीतली, बी.ए. नापास व्हायच्या बेतात, आणि स्वतःला सिनेमातली समजणारी. निळी नायलॉनची साडी, टाचेचे सँडल आणि काळा गॉगल. कोर्टाच्या खोलीतही मी गॉगल काढायची नाही; तो काढला तर मी राहणार कुणाच्या लक्षात? कोर्ट सुटलं की सीताबर्डीवर चाट आणि सिनेमा. दाव्याचं काय होतंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. समोरचा वकील उभा राहून पुढची तारीख मागायचा, आमच्या यांचा चेहरा पडायचा, आणि मी गॉगलआड आनंदानं डोळे मिटायची. पुढचा सिनेमा पक्का! एकदा जजसाहेबांनी विचारलं, “त्या बाई साक्षीदार आहेत का? डोळे आले आहेत का त्यांचे?” ती बया आज भेटली तर मी तिच्या दोन मुस्काटात लावीन. आणि मग विचारीन, साडी कुठून घेतलीस गं?

तर एसटीत बसले. शेजारी एक बाई मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसली होती. तिचा नवरा रात्रीच माल घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात गेला होता आणि त्याचा डबा ती पोचवायला निघाली होती. शाळेत मी प्रमाण भाषा बोलायची, पण एसटीत आपली नेहमीची.

“काहून वं मावशी, डोये काहून भरले?” तिनं विचारलं.

“पोरीची पेशी हाय नागपूरले.”

“कायची?”

“कापाकापीची.”

पुढच्या दोन रांगा मागं वळल्या. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. “कोनाले कापलं?”

“ते नाई मालूम,” मी म्हटलं. “पन कोनी कोनी अजून जिते हायत म्हन्ते नात.”

मागच्या बाकावरचे एक म्हातारे पुढे वाकले. “जिते हायत त मंग कलम तीनशे सात लागन. खुनाचा प्रयत्न.”

“बाबाजी, ते जुनं झालं,” कंडक्टर म्हणाला. “आता कलमायचे नंबर बदलले सारे.”

“नंबर बदलले त काय चाकूनं आता दुखत नाई काय?”

यावर बसमध्ये दोन पक्ष पडले. नवा नंबर कुणालाच येत नव्हता, पण जुना चुकीचा आहे यावर एका पक्षाचं ठाम मत होतं. संत्रीवाल्या बाईनं माझ्या ओटीत चार संत्री टाकली. “भेवू नको वं मावशी. जमानत होते. माह्या दिराची झाली.” दिरानं काय केलं होतं ते मी विचारलं नाही. उतरताना कंडक्टरनं माझा हात धरून मला खाली उतरवलं. इतका मान मला सेवानिवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता.

रामदासपेठ

सुनंदाचं घर रामदासपेठेत, दवाखान्यांच्या गर्दीत. त्या भागात कुठेही मान वर केली की कुठल्या तरी अवयवाची पाटी दिसते. एका इमारतीत गुडघे, दुसरीत डोळे, तिसरीत मूत्रपिंड. माणूस एका टोकानं शिरला तर दुसऱ्या टोकापर्यंत सुटा सुटा दुरुस्त होऊन निघेल.

दार सुनंदानंच उघडलं. हातात लाटणं. लाटण्यावर रक्त नव्हतं, पीठ होतं.

“वकील कोन केला?” मी उंबऱ्यातूनच विचारलं.

“कायचा वकील?”

“जमानत झाली काय तुई?”

“आई, बीपीची गोळी खाल्ली का तू?”

मी फोनवर ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. सुनंदा ऐकत होती. ‘काल कापलं’पर्यंत तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. ‘किती जगतात ते पाहून राहिलो’ म्हटल्यावर ती चपलांच्या कपाटावर बसली, आणि मी एसटीतलं तीनशे सात सांगितलं तेव्हा लाटणं हातातून सुटून जिन्यानं खालच्या मजल्यावर गेलं. हसता हसता तिला ठसका लागला. आजारपणानंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. माझ्या मूर्खपणाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधीच वाटला नव्हता.

संध्याकाळी मुक्ता आली. तिला हकिकत सांगावी लागली नाही. आईनं ती आधीच फोनवरून कळवली होती आणि मुक्तानं प्रयोगशाळेत सगळ्यांना. “आजी, आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनं तुले उद्या बोलावलं आहे,” ती म्हणाली. “पेशीवर हजर राहायचं म्हणतात.”

मग जेवताना तिनं मला चौथ्यांदा समजावलं, आणि या वेळी मी मान हलवली नाही. खरंच ऐकलं. कारण गोष्ट सुनंदाची होती.

सुनंदाला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले. बरी झाली. मग डॉक्टरांनी तिच्या रक्ताची आनुवंशिक तपासणी केली. आपल्या शरीरात डागडुजी करणारं एक जनुक असतं. ते बिघडलं तर कॅन्सर पुन्हा, दुसरीकडेही, होऊ शकतो. सुनंदाच्या त्या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. एकच. आणि त्या बदलाचा अर्थ काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अहवालात तसंच लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित.

“म्हणजे शुद्धलेखनाची चूक?” मी विचारलं.

“हो, तसंच.”

“मग चूक कोणती ते सांग. कुणी ‘आणि’ची ‘णि’ दीर्घ काढली तर मी लाल रेघ मारते, पण वाक्य कळतं. ‘दिन’चा ‘दीन’ केला तर वाढदिवसाच्या शुभेच्छांत माणूस भिकारी होतो. तुझ्या आईची चूक ‘आणि’ची आहे की ‘दिन’ची?”

मुक्ता पोळी तोडायची थांबली. “आजी, मी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत ना, ते हेच आहे.”

‘दिन’ची असेल तर सुनंदाला दुसरा स्तन आणि अंडाशय काढून टाकावे लागणार होते. डॉक्टरांनी ऑपरेशनची तात्पुरती तारीखही दिली होती. आणि मग प्रश्न मुक्ताचा. तिनं स्वतःची तपासणी अजून केली नव्हती. आधी चूक कोणती ते कळू दे, म्हणायची.

“मी त काढूनच टाकतो,” सुनंदा ताट उचलत म्हणाली, जसं काही जुना फ्रीज भंगारात द्यायचा आहे. “झंझट नको.”

मी सांबारवडीचा डबा पुढे सरकवला. एरवी चार खाणाऱ्या माझ्या लेकीनं अर्धी मोडून ठेवून दिली.

जिथे तुम्ही गेला नसाल

प्रयोगशाळेचं नाव लिहायचं नाही, असं मुक्तानं बजावलं आहे. नावाला करायचं काय? आतलं सांगते.

आधी चपला काढल्या. मग मला पांढरा कोट घातला, रबरी हातमोजे घातले, आणि हातमोज्यांवर स्पिरिटचा फवारा मारला. काही बायका असं सगळं पाहून घाबरतील. मी घाबरले नाही, कारण आम्ही लोणचं असंच घालतो. ओला हात नको, कोरडाही असा-तसा नको, बरणीच्या तोंडावर वाकून बोलायचं नाही, शिंकायचं तर अंगणात जाऊन. मुक्ताच्या बश्यांत बुरशी गेली तर महिन्याभराचं काम टाकून द्यावं लागतं. माझ्या बरणीत गेली तर वर्षभराचं. फरक एवढाच की ते टाकलेलं काम तिला वरच्यांना सांगावं लागतं, आणि मी खराब लोणचं गुपचूप उकिरड्यात पुरून कैऱ्याच वाईट होत्या म्हणून सांगते.

डब्याची गोष्ट तेवढी बिघडली. वड्या आत नेता येणार नाहीत, फ्रीजमध्येही ठेवता येणार नाहीत. फ्रीज फक्त नमुन्यांचा. “हापन नमुनाच हाय,” मी पहारेकऱ्याला म्हटलं, पण तो ऐकेना. त्यांच्या मुख्य पद्मामॅडम तमिळनाडूच्या. मुक्तानं त्यांना सांगितलं, आजी सांबारवडी लाई है. बाई हरखल्या. दुपारी बाहेरच्या ओट्यावर डबा उघडला तेव्हा त्या डब्यात डोकावून पातळ सांबार शोधत होत्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपुरात इतकी वर्षं काढूनही त्यांना कळलं नव्हतं. एक वडी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, दुसरी घेतली. “इसमें सांबार कहाँ है?” असं त्या शेवटपर्यंत विचारत राहिल्या, आणि मी शेवटपर्यंत “यही तो है” म्हणत राहिले.

पण त्याआधी सूक्ष्मदर्शक. मुक्तानं काचेची एक चपटी बशी खाली सरकवली. बशीत रूहअफजा फार पाणी घालून केल्यासारखं गुलाबी पाणी. मी डोळा लावला. भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे, एकमेकांना खेटून.

“यातली तुझी आई कोणती?”

“आईची एकही नाही, आजी. या दुसऱ्याच पेशी आहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या. फक्त चूक आईची आहे.”

असं असतं ते. त्यांच्याकडे जनुक कापणारी कात्री आहे. डोळ्यांना न दिसणारी. कात्रीला वाट दाखवणारा एक तुकडा तिच्याबरोबर जातो. पहिलीतलं मूल ओळीखालून बोट फिरवत वाचतं ना, तसा तो नेमक्या शब्दापाशी थांबतो, आणि कात्री तिथे कापते. मग पेशी घाईघाईनं ती फाटलेली जागा शिवायला जाते, तेव्हा हे लोक तिच्या हातात स्वतःची ओळ देतात: ही घे, हिच्यावरून उतरव. त्या ओळीत मुद्दाम एक अक्षर चुकवलेलं असतं. जन्मभर मी मुलांच्या चुका सुधारल्या; माझी नात सरकारी पैशानं चुका करते. वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळ्या, शेकड्यांनी. त्यांतली एक सुनंदाची.

“ही पेशी अशी आहे की त्या जनुकाशिवाय तिचं चालतच नाही,” मुक्ता म्हणाली. “चूक घातक असली तर ती पेशी मरते.”

“आणि नसली तर?”

“तर मजेत वाढते. म्हणून म्हटलं ना, किती जगतात ते पाहून राहिलो.”

मी पुन्हा डोळा लावला. साबुदाणा आता मला साबुदाणा दिसेना. जगा गं बायांनो, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात मुक्ताला कुणीतरी हाक मारली, ती गेली, आणि कुठल्याशा कॉलेजचे विद्यार्थी प्रयोगशाळा पाहायला आत शिरले. समोर पांढऱ्या कोटातली, पिकल्या केसांची, चष्म्याची बाई सूक्ष्मदर्शकाजवळ उभी. त्यांच्या सरांनी मला वाकून नमस्कार केला. “मॅडम, मुलांना थोडं सांगाल का? प्रत्येक पेशी सुटी सुटी का तपासायची?”

मी सांगायला हवं होतं की मी आजी आहे. पण समोर वीसेक पोरं वह्या उघडून उभी, आणि हातात खडू नाही एवढीच उणीव. मला ती गॉगलवाली बया आठवली. फार नाही बदललेली ती. कोट पांढरा मिळाला एवढंच.

“समजा,” मी आवाज शाळेतला लावला, “वर्गाची सरासरी पस्तीस आली. हेडमास्तर म्हणतात, वर्ग काठावर पास. पण मी पेपर उघडून पाहते तर अर्ध्यांना सत्तर आणि अर्ध्यांना भोपळा! सरासरीला हे दिसतं का? नाही. सगळ्या पेशी एकत्र वाटून त्यांचा रस काढला तर सरासरी कळते. म्हणून एकेक पेशी तेलातल्या एकेका थेंबात बसवायची, तिला तिचा हजेरी क्रमांक लावायचा, आणि मग तिचा पेपर वेगळा तपासायचा. कुणाकडे कोणती चूक आहे, आणि त्या चुकीनं तिच्या आत काय काय बिघडलं, हे तेव्हा कळतं. मागच्या रांगेत, लिहून घेतलं का?”

मागच्या रांगेनं लिहून घेतलं. हे सगळं मी आदल्या रात्री मुक्ताकडून ऐकलेलं होतं, फक्त हेडमास्तर माझे. सर खूष. दारात मुक्ता येऊन उभी होती, भिंतीकडे तोंड करून. तिचे खांदे हलत होते.

मग पुढे उभ्या असलेल्या एका मुलीनं हात वर केला. “मॅडम, ज्यांच्या घरी ‘अर्थ अनिश्चित’ असा रिपोर्ट येतो, त्यांनी हे सगळं कळेपर्यंत काय करायचं?”

मी मुक्ताकडे पाहिलं. तिचे खांदे थांबले होते. “वाट पाहायची,” ती दारातून म्हणाली. “आणि मॅडमची चहाची वेळ झाली आहे.”

रक्त

चहा पिताना मुक्तानं मला खरं कारण सांगितलं. मला बोलावण्यात फक्त थट्टा नव्हती.

“आजी, तुझं रक्त पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलं आहे. ही चूक आईकडे आली कुठून, तुझ्याकडून की आजोबांकडून, ते पाहायचं. आजोबा तर नाहीत. आणि तू इतकी वर्षं ठणठणीत आहेस. तुझ्यातही तीच चूक निघाली तर ती फारशी घातक नसावी, याला थोडा आधार मिळतो. थोडाच हं. एकटीवरून काही सिद्ध होत नाही.”

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे. मूल जन्मलं की दोन्हीकडच्या बायका पाळण्याभोवती बसतात आणि वाटणी करतात. डोळे आमचे, कान तुमचे. त्या वाटणीत मी पटाईत. गोरेपणा माझ्या माहेरचा. हट्ट, गणितातली मंदी, बसकं नाक, उन्हाळी लागणं, हे सगळं यांच्या घराण्याचं. तरुणपणी मी सासूबाईंच्या तोंडावर म्हणाले होते, “आमच्या घराण्यात दोष नाही.” काय तो तोरा! हनुवटी अशी वर, की सासूबाईंना माझ्या नाकपुड्या दिसल्या असतील फक्त. चाळीस वर्षं हा धंदा मी इमानदारीनं चालवला. सुनंदाचा रिपोर्ट आला तेव्हाही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच: यांच्याकडचं असेल.

आणि आता मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या खुर्चीत बाही वर करून बसले होते, आणि सुई आत जाताना देवाला विनवत होते की चूक माझी निघू दे. यांच्याकडची नको, माझीच, अगदी शंभर टक्के माहेरची.

“बाई, मूठ घट्ट करा,” रक्त घेणारी मुलगी म्हणाली.

“घे, आणखी घे,” मी म्हटलं. “नीट शोधा. घाईनं पाहू नका.”

“कशासाठी आहे तपासणी?”

“दोष पाहिजे आहे मला.”

ती मुलगी मुक्ताकडे पाहू लागली. मुक्तानं ‘वय झालं’ अशा अर्थी हात हलवला. मी तिला टेबलाखालून चिमटा काढला.

दुसरी खेप

निकाल लगेच येत नाहीत. मी कळमेश्वरला परतले. एसटीत तोच कंडक्टर भेटला. “जमानत झाली का?” त्यानं विचारलं. “पुढची तारीख दिली,” मी म्हटलं. खोटं नव्हतं.

पुन्हा गेले तेव्हा चारेक महिने उलटले होते, मृग बहाराची संत्री बाजारात आली होती आणि दुपारचं ऊन टोचायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही तिघी रांगेत बसलो. बाई वयानं मुक्ताच्या दोन पावलं पुढे, आवाज मऊ. वाईट बातमी द्यायची सवय असलेला आवाज.

“आजी,” त्या कागद पाहत म्हणाल्या, “मला सांगायला जरा वाईट वाटतं, पण हा बदल तुमच्यातही आहे.”

“आहे?” मी उभीच राहिले. “नक्की? माझाच ना?”

“हो, पण घाबरू...”

“सुनंदे, माझा हाय वं! माझ्याकडून आला!” मी सुनंदाच्या पाठीत थाप मारली. बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं असेल, आत मुलगा झाला.

डॉक्टरीणबाईंच्या हातात पाण्याचा ग्लास तयार होता. तो कुणाला द्यावा ते त्यांना कळेना, म्हणून त्या स्वतःच प्यायल्या. मग म्हणाल्या, “बरं, पुढचं ऐका. एकट्या आजींवरून आम्ही ठरवलेलं नाही. मुक्ताच्या प्रयोगशाळेत या बदलाच्या पेशी नेहमीसारख्या वाढल्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं वेगळं काम केलं होतं, तिथेही तेच दिसलं. इतर घरांची माहितीही जमली. सगळं मिळून, हा बदल बहुधा निरुपद्रवी आहे. सुनंदाताई, तुमचा कॅन्सर या चुकीमुळे झालेला दिसत नाही. याच्यासाठी ऑपरेशन करायची गरज नाही. नेहमीच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत.”

“म्हणजे ‘आणि’ची,” मी म्हणाले.

“काय?”

“‘णि’ दीर्घ झाली फक्त,” मुक्ता म्हणाली, आणि तिनं नाक पुसलं.

सुनंदानं पर्स उघडली, बंद केली. “म्हणजे तारीख कॅन्सल करू?” तिनं विचारलं. बाई हो म्हणाल्या. “बाहेर काउंटरवर मी सांगू का तुम्ही सांगता?” मी सांगते, बाई म्हणाल्या. “मुक्ताचं?” मुक्ताचंही या बदलापुरतं काही नाही. सुनंदानं उठून डॉक्टरीणबाईंची खुर्ची टेबलाशी सरळ लावली, जरी त्या खुर्चीवर बाई बसलेल्या होत्या.

मुक्ता तिथूनच प्रयोगशाळेत गेली. तिच्या बाकीच्या चुका वाट पाहत होत्या. आम्ही दोघींनी ऑटो केला. मला खूप बोलायचं होतं. भाषण तयार होतं, माहेरच्या घराण्याचं कौतुक धरून. पहिलं वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा सुनंदाचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी समजले, आता रडणार. पदर पुढे केला. तर रडणं नाही, घोरणं. भर दुपारी, हॉर्नांच्या गलक्यात, तोंड उघडं टाकून माझी लेक ढाराढूर झोपली होती. रिपोर्ट आल्यापासून ती रात्रीची कपाटं आवरत बसते, असं मुक्ता मला म्हणाली होती.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. “घर आलं तुमचं, मावशी. हेच ना गेट?”

“हेच. थांबू नका, पुढं घ्या.”

“पुढं कुठं?”

“सेमिनरी हिल्सकडून काढा, नाही त फुटाळा तलावाकडून. जिकडं गचके कमी हायत तिकडून.”

“जायचं कुठं हाय पण?”

“कुठंच नाही, भाऊ,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त हळू चालवा.”